रविवारी फोर्ट-कुलाबा बघायला गाडी न्यायची तर लावायची कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कराडहून स्वतःच्या सात सीटच्या गाडीने येताय, मुक्काम खारघरला बहिणीकडे. सोबत पत्नी, दोन मुलं आणि बहात्तर वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. एकाच रविवारी गेटवे, एलिफंटा, म्युझियम, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन आणि हाजी अली करायचंय. आणि "गेटवेजवळ गाडी कुठे लावता येईल तेवढं सांगा" असं म्हणताय.

तेवढंच सांगायचं तर गेटवेजवळ लावू नका, बॅलार्ड इस्टेटमध्ये लावा, म्हणजे फोर्टच्या पूर्वेला बंदरालगत असलेल्या कचेऱ्यांच्या भागात. पण नुसतं एवढं सांगून थांबलो तर तुमचा रविवार वाया जाईल, कारण अडचण पार्किंगच्या एका जागेची नाही. तुमच्या यादीत सात ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणी गाडी नेली तर सात वेळा जागा शोधावी लागेल. बावीस वर्षं मी बाहेरगावच्या कुटुंबांना दक्षिण मुंबई दाखवतोय, कधी त्यांच्या गाडीत बसून, कधी माझ्या. रविवारी दिवसा जागा शोधायला एका वेळेला वीस मिनिटं ते पाऊण तास जातो. सात वेळा म्हणजे काय होईल, तुम्हीच बघा. मागच्या सीटवर मुलं कंटाळतात, आजी गप्प होतात आणि चालवणाऱ्याने तर काहीच बघितलेलं नसतं. दिवसभरात गाडी किती वेळा हलवायची हे आधी ठरवा. माझं उत्तर आहे दोनदा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. हे सगळं रविवारचं गणित आहे. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, त्यामुळे रविवारी तिथले रस्ते मोकळे आणि गेटवे-कुलाबा मात्र माणसांनी फुललेलं. मंगळवार-बुधवारी याच्या बरोबर उलट. कामाच्या दिवशी येणार असाल तर गाडी बहिणीच्या सोसायटीतच राहू द्या आणि खारघरहून हार्बर लोकलने थेट सीएसएमटीला या. फक्त सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा. मग रविवारीही लोकलने का नको, असं विचाराल. त्याचं कारण मेगाब्लॉक. रविवारी देखभालीसाठी साधारण अकरा ते चारच्या सुमारास हार्बर मार्गावर बरेचदा गाड्या बंद असतात किंवा अर्ध्या वाटेवरूनच सुटतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधल्या स्टेशनवर उतरवून जिने चढायला लावण्यापेक्षा रविवारी गाडी बरी. आणि आदल्या दिवशी एवढं नक्की बघा की त्या रविवारी शहरात काही विशेष आहे का. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी सीएसएमटी आणि मरीन ड्राइव्हचे रस्ते पहाटेपासून बंद असतात. काळा घोडा कला महोत्सवात म्युझियमजवळच्या काळा घोडा चौकात पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरच्या सुरुवातीला नौदल दिनाचे कार्यक्रम गेटवेच्या आसपास असतात. अशा दिवशी हा बेत नकोच.

आता बॅलार्ड इस्टेट का, ते सांगतो. हे नीट कळलं तर मी सांगितलेली जागा भरलेली निघाली तरी दुसरी कुठे बघायची हे तुम्हाला आपोआप सुचेल.

आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो खरोखरचा कोट होता. भोवती तटबंदी, खंदक, आणि आत शिरायला तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. चर्चगेट स्टेशनचं नाव त्या दरवाज्यावरून आलं, आणि दरवाज्याचं नाव आत असलेल्या सेंट थॉमस चर्चवरून, जे १७१८ पासून उभं आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडले गेले, पण आतल्या गल्ल्या राहिल्या तशाच. त्या पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाच्या आहेत. बाजारगेटच्या गल्लीत तुमची सात सीटची गाडी शिरेलही, पण समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाला रिव्हर्समध्ये बाहेर पडावं लागतं.

बंदराचं काम वाढलं तशा नव्या गोद्या होत गेल्या. १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस, १८८८ ला व्हिक्टोरिया आणि १९१४ ला अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. या शेवटच्या गोदीच्या खोदकामातून जी माती-दगड निघाले त्यांचा समुद्रात भराव टाकून पोर्ट ट्रस्टने सुमारे बावीस एकर नवी जमीन तयार केली. तीच बॅलार्ड इस्टेट. गेटवे आणि म्युझियम ज्याने आखलं त्याच जॉर्ज विटेटने तिथल्या इमारतींचं रूप ठरवून दिलं. म्हणून सगळ्या इमारती एका उंचीच्या, एका धाटणीच्या दिसतात आणि रस्ते रुंद, सरळ, काटकोनात आहेत. मोटारी रस्त्यावर आल्यानंतरच्या काळात आखलेला हा भाग आहे. नरिमन पॉइंटचंही तसंच, तीही भराव टाकून केलेली जमीन आणि त्याहून कितीतरी नवी. माझा अनुभव असा की या शहरात मोटारीला जागा हवी असेल तर मोटारीच्या काळात तयार झालेल्या जमिनीवर शोधावी. कोटाच्या आत शोधू नये.

याच काळातली एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. कुलाब्याच्या तोंडाशी रीगल सिनेमा आहे, १९३३ मध्ये सुरू झालेला. त्या वेळी प्रेक्षकांच्या मोटारींसाठी इमारतीच्या तळघरात सोय केली होती. म्हणजे कुलाब्यात गाडी लावायची कुठे हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच्या लोकांनाही पडलेलाच होता.

गेटवेच्या समोर मात्र आशाच धरू नका. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यानंतर ताज आणि गेटवेच्या पुढ्यातला बंदोबस्त कायमचा कडक झाला. बॅरिकेड, बॅगांची तपासणी, गाडी थांबवायला मनाई. मागच्या गल्ल्यांत जे काही पे अँड पार्क आहे ते रविवारी नऊच्या आतच भरतं. त्यानंतर तिथे फिरणारे बहुतेक गाडीवाले एकाच चौकोनाभोवती चकरा मारत असतात.

आता दिवस कसा बसवायचा ते सांगतो. सगळ्यांकडून होणारी चूक अशी की फिरणं जिथून सुरू होतं तिथे ते गाडी लावतात. मग दुपारी पाय बोलायला लागतात आणि गाडी असते दोन किलोमीटर मागे. मी नेहमी फिरणं जिथे संपणार आहे तिथे गाडी लावतो, म्हणजे दर पावलागणिक आपण गाडीच्या जवळ जात राहतो. आई सोबत असताना तर याला पर्यायच नाही.

खारघरहून सव्वासहाला निघा. वाशी पूल, चेंबूर आणि तिथून ईस्टर्न फ्रीवे. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ आहे, त्यामुळे वाशीला थांबावं लागत नाही. अटल सेतू बघायची मुलांची हौस असेल तर तिकडूनही येता येतं, शिवडीला उतरून तोच फ्रीवे मिळतो. कारला एका बाजूचे अडीचशे रुपये पडतात आणि खारघरहून वळसाही आहे, पण सकाळच्या उजेडात खाडीवरून जाताना फार सुंदर दिसतं. पुलावर थांबून फोटो काढू नका, मनाई आहे आणि धोकाही आहे. फ्रीवे पी. डिमेलो रोडवर ऑरेंज गेटला उतरतो. तिथून मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम सुरू आहे, त्यामुळे उतरताना रस्ता आवळलेला दिसेल. मॅप काहीही म्हणो, समोरचे फलक वाचत सावकाश या.

बॅलार्ड इस्टेट डाव्या हाताला दिसेल, पण लगेच वळू नका. आधी सरळ रीगलच्या चौकापर्यंत जा आणि चौकाच्या जरा अलीकडे आई, पत्नी आणि मुलांना उतरवा. सव्वासात-साडेसातला तिथे मिनिटभर थांबायला कोणी हरकत घेत नाही. ते चौघं रमतगमत गेटवेकडे जातील, अंतर चारेकशे मीटर आहे. तुम्ही गाडी मागे फिरवून बॅलार्ड इस्टेटला लावा आणि टॅक्सीने परत या. काळी-पिवळीचं किमान भाडं एकतीस रुपये आहे. अंतर जास्त नाही, त्यामुळे त्याच्यावर थोडेच पैसे होतील. येताना शहीद भगतसिंग मार्गावर नौदलाची हद्द आणि लायन गेट लागतं, तिथे गाडी थांबवायची नाही आणि फोटोही काढायचे नाहीत.

टॅक्सीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. कराडला आणि खारघरला रिक्षाची सवय असेल, पण शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत, त्या सायन आणि वांद्र्याच्या पलीकडेच. आणि काळी-पिवळीत चौघंच बसतात. तुम्ही पाच आहात. म्हणून दिवसभराची वाटणी मी अशी करतो: टॅक्सी लागेल तिथे आई, पत्नी आणि मुलं टॅक्सीत, गाडीमालक पायी. एखाद्या मुलाला चालायचं असेल तर त्याला सोबत घ्या. अंतरं छोटी आहेत, दहा-पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा भेटतात.

गेटवे सकाळी साडेसात ते नऊ या वेळेतच बघण्यासारखं असतं. ऊन तिरपं असतं, पिवळा बेसाल्ट उजळलेला असतो आणि फोटोत फक्त आपलीच माणसं येतात. ज्या पंचम जॉर्ज राजा आणि मेरी राणीच्या १९११ च्या भेटीसाठी ही कमान ठरली त्यांना ती कधीच पूर्ण बघायला मिळाली नाही. ती १९२४ च्या डिसेंबरमध्ये खुली झाली. आणि तेवीसच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. मी हे तिथे उभं राहून सांगतो तेव्हा मोठी माणसंही क्षणभर गप्प होतात. आईंना शेजारच्या कठड्यावर बसवा, समोर होड्या बघत त्यांचा अर्धा तास छान जाईल.

एलिफंटाबद्दल आता स्पष्ट बोलतो. या बेतातून ते काढून टाका. जाता-येता बोटीचे दोन-अडीच तास, वर जेट्टीपासून लेण्यांपर्यंतचं अंतर आणि मग शंभराहून जास्त पायऱ्या. खुर्चीत बसवून वर नेणारे लोक तिथे असतात, पण आईंना ते आवडेल का हे तुम्हालाच माहीत. महेशमूर्तीसमोर घाईत पाच मिनिटं उभं राहणं हा त्या शिल्पावर अन्याय आहे. एलिफंटासाठी वेगळा दिवस ठेवा, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. त्या दिवशी गाडी आणूच नका.

नऊ-साडेनऊला कुलाब्यात नाश्ता करा आणि सव्वादहाला म्युझियमच्या दारात हजर राहा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याच वेळेला उघडतं आणि पहिला तास सर्वात निवांत असतो. गेटवेहून चालत दहा-बारा मिनिटं. बाहेरगावच्या कुटुंबाला मी म्युझियम सकाळी दाखवतो त्याला आणखी एक कारण आहे, जे कोणी लिहीत नाही. स्वच्छ शौचालय, बसायला बाकं आणि सावली हे तिन्ही एका ठिकाणी दक्षिण मुंबईत फार कमी जागी मिळतं. साठीपुढच्या माणसाला घेऊन फिरताना मी आधी हे बघतो, पार्किंग नंतर. अडीच तास द्या. सगळं बघायचा हट्ट नको, मुलांना प्राण्यांचं दालन आणि शस्त्रं, आईंना मूर्ती.

बाहेर पडल्यावर काळा घोडा समोरच आहे. इथे एडवर्ड सातव्याचा घोड्यावरचा पुतळा होता, तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. लोकांनी नाव मात्र सोडलं नाही. २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, पाठीवर कोणीही नसलेला. जेवण इथेच आसपास उरका. जेवणानंतर आईंना विचारा. थकल्या असतील तर त्या आणि पत्नी टॅक्सीने हॉर्निमन सर्कलच्या बागेत जाऊन बसतील, घनदाट झाडं आणि सावली आहे. मुलं आणि तुम्ही चालत या.

ही चाल साधारण सव्वा किलोमीटरची आहे आणि माझ्या मते या दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. महात्मा गांधी रोडने उत्तरेकडे निघालात की थोड्याच वेळात हुतात्मा चौक. एका बाजूला १८६४ चं फ्लोरा फाउंटन, दुसऱ्या बाजूला मशाल हातात धरलेले शेतकरी आणि कामगार. इथे मुलांशी दोन मिनिटं बोला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या जागी माणसं गोळ्यांना बळी पडली, म्हणून आज ही मुंबई आपल्या राज्याची राजधानी आहे. कारंजं बघून पुढे जाणारे खूप असतात, स्मारकाकडे पाठ करून सेल्फी घेणारेही खूप. ते बघून मला वाईट वाटतं.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर चौकातून जरा पश्चिमेला ओव्हल मैदानापर्यंत जाऊन या. मैदानाच्या एका कडेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिलेला हा मनोरा १८७८ ला पूर्ण झाला. समोरच्या कडेला १९३०-४० च्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. साठ वर्षांच्या अंतराची दोन शहरं, मध्ये क्रिकेट खेळणारी पोरं. गाडीतून जाताना या दोन रांगा एकदम दिसत नाहीत, मैदानाच्या मधोमध उभं राहावं लागतं.

चौकातून वीर नरिमन रोडने पूर्वेला वळलात की डावीकडे सेंट थॉमस, पुढे हॉर्निमन सर्कल आणि त्यापलीकडे टाउन हॉलच्या उंच पायऱ्या, १८३३ ची इमारत. आईंना या पायऱ्या चढायला लावू नका, बागेतून त्या पूर्ण दिसतात. इथून बॅलार्ड इस्टेट अगदी जवळ. साडेतीन-चारपर्यंत सगळे गाडीपाशी पोचाल. पाय थकलेले असतील, पण आता चालायचं काही उरलेलं नसेल.

आता गाडी लावताना काय बघायचं ते. बॅलार्ड इस्टेटमध्ये रेषा आखलेल्या जागा आणि पे अँड पार्कच्या पाट्या आहेत, त्या बघूनच लावा. पाटीवर सम-विषम तारखांचा नियम आहे का ते वाचा. माणूस पैसे मागायला आला तर छापील किंवा मशिनची पावती घ्या, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ बघा. पावती नसेल तर पैसे देऊ नका आणि तिथे गाडीही ठेवू नका. किल्ली कोणाच्या हातात देऊ नका. "गिअर काढून ठेवा, आम्ही ढकलून घेऊ" असं कोणी म्हणालं तर ती दुहेरी रांग आहे, पुढे जा आणि फूटपाथला लागून एकेरी रांगेत जागा घ्या. यांत्रिक पार्किंग दिसलं तर आत शिरण्यापूर्वी उंचीची मर्यादा विचारा. सात सीटच्या गाडीवर कॅरिअर असेल तर बऱ्याच ठिकाणी ती बसत नाही.

बंद शटरसमोर, रविवार आहे म्हणून, कधीही लावू नका. हे मी शिकलो तो दिवस मला आजही टोचतो. नागपूरचं एक कुटुंब होतं, आजोबांना मधुमेह. फोर्टमधल्या एका बंद दुकानापुढे मी गाडी लावली. सम-विषम तारखेची पाटी झाडाच्या फांदीआड होती आणि मी ती बघितली नाही. तासाभराने परत आलो तर जागा रिकामी. गाडी टोइंगने उचलली होती. दंड भरला, गाडी सोडवली, त्याचं काही वाटलं नाही. पण आजोबांचं इन्सुलिन गाडीतल्या पिशवीत होतं आणि आम्ही जेवायला निघालो होतो. ती दीड-दोन तासांची धावपळ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. गाडी लावल्यावर पुढे-मागे वीस-वीस पावलं चालून दोन्हीकडच्या पाट्या वाचतो, आणि औषधांची पिशवी माणसाच्या खांद्यावर, गाडीत कधीच नाही. तुमच्या आईंची औषधं, पाण्याची बाटली आणि एक पातळ चादर पाठीवरच्या बॅगेत ठेवा. मुंबईत दमट उकाड्याने माणूस कसा थकतो हे कराडच्या हवेत राहणाऱ्याला आधी कळत नाही.

चारच्या सुमारास गाडी दुसऱ्यांदा बाहेर काढा आणि थेट नरिमन पॉइंटला जा. कचेऱ्या बंद, त्यामुळे आतल्या रस्त्यांवरच्या पे अँड पार्कमध्ये पाचच्या आत जागा मिळते. साडेपाचनंतर सूर्यास्तासाठी सगळी मुंबई तिकडे वळते. मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या बाजूला गाडी थांबवायची नाही, अगदी "दोन मिनिटं, आई उतरतायत" म्हणूनही नाही. तिथे वाहनं वेगात असतात. आतल्या रस्त्यावर लावा, कट्ट्यापर्यंत चालत जा, आईंना कट्ट्यावर बसवा. गार वारा, समोर वळलेला किनारा आणि दिवे लागत जाताना दिसणारा राणीचा हार. इथे मी कोणालाही घाई करत नाही. पावसाळ्यात येणार असाल तर भरतीची वेळ बघून या, मोठ्या भरतीला लाटा कट्ट्यावरून रस्त्यावर येतात आणि तेव्हा तिथे बसू देत नाहीत.

हँगिंग गार्डन आणि हाजी अली यांचं काय, हे विचाराल. मुलांना हँगिंग गार्डनसमोरच्या बागेतला म्हातारीचा बूट दाखवायचाच असेल तर म्युझियममधून लवकर निघा, फोर्टमधली चाल गाळा आणि तीन वाजता मलबार हिल गाठा. गाडी वरपर्यंत जाते. पण खाली बाणगंगेच्या गल्ल्यांत गाडी घालू नका, एकदा शिरलात की वळवायला जागा नाही. हाजी अलीला दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि बाहेर गाडीचीही ओढाताण होते. दोन्ही एकाच दिवसात बसवायची असतील तर संध्याकाळचा मरीन ड्राइव्ह सोडावा लागेल, आणि मी तसं करणार नाही.

सीएसएमटी मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. वास्तुविशारद स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ च्या सुमारास पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि समोर महापालिकेची इमारतही त्याचीच. दिवसा तिथे गाडी थांबवायची सोय नाही. पण साडेसात-आठला नरिमन पॉइंटहून परतताना वाट त्याच चौकातून काढा. दिवे लागलेले असतात, रविवारी रात्री रस्ता मोकळा असतो. गाडी चालवणाऱ्याने मात्र रस्त्यावरच नजर ठेवायची. सिग्नल लाल मिळाला तर तेवढा वेळ तुम्हीही बघा, नाहीतर मुलं खिडकीतून काढलेले फोटो घरी दाखवतीलच. चौक ओलांडला की पी. डिमेलो रोड आणि पुन्हा फ्रीवे. रविवारी रात्री लोणावळ्या-पुण्याकडून मुंबईत शिरणाऱ्या बाजूला कोंडी असते, तुम्ही उलट दिशेने जाणार, त्यामुळे साडेनऊच्या आत जेवायला बहिणीकडे असाल.

आईंना सलग किती चालवतं आणि किती पायऱ्या जमतात, एवढं कळवा. काठी किंवा घडीची खुर्ची सोबत असेल तर म्युझियम ते हॉर्निमन सर्कल हा टप्पा त्यांच्यासाठीही बसवता येईल, मध्ये कुठे कुठे टेकायला जागा आहे ते मी क्रमाने सांगतो.